झाकण ठेव आणि बाहेर येऊन बस

बोल्टन, इंग्लंड,
रविवार दुपार

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू घाईघाईत म्हणालास, "आई, हॉटपॉट कसा करायचा ते टाक ना व्हॉट्सॲपवर." टाकलं असतं. बटाट्याच्या चकत्यांखाली ओव्हनमध्ये मंद शिजवलेलं इथलं मटण, चार ओळींत मावतं ते. पण आजी, आत्या, काका आणि आत्याची दोघं असे सगळे येत्या रविवारी जेवायला येणार, आणि तू पहिल्यांदाच इतक्या माणसांसाठी रांधणार, म्हटल्यावर चार ओळींनी माझं समाधान होईना. म्हणून हे पत्र. आधी पूर्ण वाच, मग पिशवी उचल.

पहिली गोष्ट मटणाची. पुण्यात कुणालाही विचार, बोल्हाईचं मटण कुठे मिळतं. वाघोलीच्या पुढे वाडे बोल्हाईला देवीचं देऊळ आहे. ज्या घरांत तिची उपासना असते ती घरं बोकडाचं खात नाहीत, मेंढीचंच खातात, म्हणून तिकडे मेंढीच्या मटणालाच हे नाव पडलं. आणि हॉटपॉटला मेंढीच लागते. इथे गावाबाहेर पडलं की डोंगरभर मेंढ्या, तू गाडीच्या काचेला नाक लावून मोजायचास, आठवतं? बोकडाचंही होईल, पण त्यात चरबी बेताची, आणि हॉटपॉटचा जीव चरबीत असतो. ती हळूहळू वर येते आणि बटाट्याला लागते.

हाडासकट सव्वा किलो घे. मान आणि खांदा असं स्पष्ट सांग. दुकानदार प्रेमाने मांडीचे लुसलुशीत तुकडे पुढे करील, नको म्हण. मान आणि खांदा म्हणजे जनावराचे राबणारे भाग. त्यांत पांढरे चिवट पडदे असतात, कुणी ते काढून देऊ लागला तर काढू देऊ नकोस. तेच दोन-अडीच तासांत विरघळून रस्सा असा होतो की ओठाला ओठ चिकटावा. मांडी तेवढ्या वेळात कोरडी पडते. तुकडे रस्स्याला करतात त्याच्या दुप्पट मोठे करून घे. आणि आण शनिवारी सकाळी. पुण्यात मटण अगदी ताजं मिळतं, आणि अगदी ताजं मटण शिजायला हट्ट करतं. एक रात्र फ्रीजमध्ये राहिलं की सैल पडतं.

बटाटे दीड किलो, जुने. नवा बटाटा पाणीदार असतो, त्याच्या कडा कुरकुरीत होत नाहीत. या दिवसांत मंडईत शीतगृहातला बटाटा असेल. तो गारठ्यात राहून जरा गोडसर झालेला असतो, त्यामुळे ओव्हनमध्ये लवकर लाल होतो. शेवटच्या अर्ध्या तासात हे लक्षात ठेव.

कांदे चार, मध्यम. थोडा मैदा, लोणी, मिरी, मीठ. वूस्टर सॉस मिळाला तर एक मोठा चमचा. त्यात चिंच असते, म्हणून आपल्या जिभेला तो परका वाटत नाही. इथे थाइमचा वासाचा पाला घालतात, तो नाही मिळाला तर चिमूटभर ओवा चुरडून घाल, दोघांच्या वासाचं मूळ एकच आहे. पण चिमूटभरच, नाहीतर सगळ्याला पोटदुखीच्या काढ्याचा वास येईल. गाजर नको. आपल्या शेजारची नॅन घालत नसे, म्हणून मीही घालत नाही.

नॅन तुला आठवते ती पांढऱ्या केसांची, चॉकलेट देणारी. मला आठवते ती समोरच्या फुटपाथवर उभी राहून, आवाज न काढता, नुसते ओठ मोठेमोठे हलवून माझ्याशी बोलणारी. ती तरुणपणी इथल्या गिरणीत विणकाम खात्यात होती. मागांच्या धडधडाटात आवाज पोचायचा नाही, म्हणून लँकशायरच्या विणकरणी ओठांनी बोलायला शिकल्या, आणि गिरणी बंद पडल्यावरही ती सवय गेली नाही. मी १९९९ साली इथे नर्स म्हणून आले तेव्हा मला तिचं इंग्रजी कानांनी कळायचं नाही. खिडकीतून ओठ बघितले की कळायचं. माझे वडील, तुझे आजोबा, मुंबईत लालबागला गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवरच, होते. घरात ते इतक्या मोठ्याने बोलत की नवख्याला वाटे भांडताहेत. नॅनला हे सांगितलं तर तिने माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. साताठ हजार किलोमीटरवरच्या दोन माणसांचे कान एकाच आवाजाने गेले होते.

हॉटपॉट तिने शिकवला. म्हणजे आधी मी तो बिघडवला. एका रविवारी तुझ्या बाबांचे दोन मित्र जेवायला येणार होते. मी वाचून-ऐकून सगळं ओव्हनमध्ये घातलं, आणि तासाभराने आपल्या सवयीने झाकण काढून डाव फिरवला. खाली लागेल ही भीती आपल्या हातात मुरलेली असते ना. पुन्हा अर्ध्या तासाने फिरवला. वरचे बटाटे मोडले, पीठ झालं, मटण त्यात रुतून बसलं. नॅनने दुसऱ्या दिवशी ते चाखलं आणि काही बोलली नाही. शनिवारी मात्र स्वतःचं उंच, तपकिरी मातीचं भांडं घेऊन आली आणि माझ्या ओट्यापाशी उभी राहिली. सगळं थरांनी रचून घेतलं, भांडं ओव्हनमध्ये गेलं, आणि मग तिने मला खांद्याला धरून स्वयंपाकघराबाहेर काढलं. बाहेर चहा पिताना मी दोनदा उठले, तिने दोनदा बसवलं.

तिच्या आजीच्या वेळी, ती सांगायची, बायका पहाटे गिरणीत जाण्याआधी भांडं भरून ठेवत. दिवसभर मंद आचेवर ते आपलं आपण शिजे, आणि भोंगा झाला की घरी येऊन थेट पानावर बसायचं. ढवळायला घरात कुणी नसायचंच. म्हणून तो पदार्थ असा आहे. कालवं स्वस्त होती तेव्हा गरीब लोक त्यात कालवंही घालत. हे मी रत्नागिरीला मावशीला फोनवर सांगितलं तर तिला फार बरं वाटलं.

आता कृती. मटण पुसून कोरडं कर, मीठ-मिरपूड आणि दोन चमचे मैदा चोळ. जाड बुडाच्या कढईत थोड्या तेला-लोण्यावर चार-पाच तुकडे एका वेळी परत, गर्दी करू नकोस. गर्दी झाली की पाणी सुटतं आणि मटण लाल व्हायच्या ऐवजी उकडतं. सगळे तुकडे काढून त्याच कढईत उभा चिरलेला कांदा घाल, मऊ आणि जरासा सोनेरी होऊ दे. आपण रस्स्याला भाजतो तसा काळपट नको. मग दोन-अडीच कप गरम पाणी आणि सॉस घालून बुडाला धरलेलं सगळं उलथन्याने सोडवून घे. रंग आणि चव तिथेच असते.

भांडं खोल हवं आणि तुझ्या ओटीजीत झाकणासकट मावणारं. शनिवारीच रिकामं आत ठेवून बघ. स्टीलचं जाड पातेलं चालेल, मुठी प्लॅस्टिकच्या नकोत. बटाट्याच्या चकत्या जुन्या दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा जाड कर आणि कापल्यावर धुऊ नकोस, त्यांचं पीठ त्यांना एकमेकींना धरायला लागतं. तळाला चकत्यांचा एक विरळ थर. त्यावर मटण, कांदा, पुन्हा मटण, पुन्हा कांदा, ओवा. मग कढईतलं पाणी ओत, वरच्या मटणाला जेमतेम टेकेल इतकंच. आणि सगळ्यावर उरलेल्या चकत्या कडेपासून मध्यापर्यंत कौलं शाकारतात तशा, प्रत्येकीने आधीचीला अर्धं झाकलेलं. वर पातळ केलेलं लोणी ब्रशने लाव, मीठ भुरभुर. झाकण घट्ट बसत नसेल तर खाली फॉइल लाव.

ओव्हन १६० अंशांवर आधी तापवून घे. मग अडीच तास. बोकडाचं असेल तर तीन. त्यानंतर झाकण काढ, २०० अंश कर, वरचा रॉड चालू कर आणि अर्धा तास दे. कडेने रस्सा बुडबुडत वर येतो, चकत्यांच्या कडा आधी पिवळ्या, मग तांबूस, मग टोकाला जवळजवळ काळ्या होतात. तिथे थांब. बाहेर काढून दहा मिनिटं तसंच राहू दे.

कुकरचा मोह होईल. रोजच्या मटणाला मीही कुकरच लावते. पण इथे नको. कुकरमध्ये मटण शिजतं आणि बटाटा फुटतो, आणि वरचा कुरकुरीत थर तर येतच नाही, ज्याच्यासाठी हे सगळं करायचं.

सोबत लाल कोबी. शुक्रवारी रात्री बारीक चिरून मीठ लावून ठेव, शनिवारी सकाळी पिळून काढ, मिरी-लवंग घालून उकळलेल्या आणि थंड केलेल्या व्हिनेगरमध्ये बुडव. संध्याकाळपर्यंत होतो.

आजी विचारतील, मसाला कुठला? नाही म्हणून सांग, आणि ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा वाढ. हॉटपॉटमध्ये मसाला घालू नकोस रे, मेंढीच्या चरबीचा स्वतःचा जो गोड वास आहे तो त्याने दबतो. पण ब्रेडचा आग्रह धरू नकोस. ज्वारीची भाकरी या रस्स्यात ब्रेडपेक्षा छान भिजते, आत्याला चार थापून आणायला सांग. आणि आषाढ संपायच्या आत कर, एकदा श्रावण लागला की आजी या भांड्याकडे बघणारसुद्धा नाहीत.

एक गोष्ट तुला कधी नीट सांगितली नाही. माझी आई चाळीतल्या एका खोलीत खाणावळ चालवायची. गावाकडून आलेले सात गिरणी कामगार आमच्याकडे जेवायचे, दोन पाळ्यांत. आई पहाटे चारला स्टोव्ह पेटवायची. ती सगळ्यांना वाढायची, तव्यावरची गरम चपाती प्रत्येकाच्या ताटात जायची, आणि स्वतः जेवायची सगळ्यांत शेवटी, पातेलं पुसून, गार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. अडीच लाख माणसं घरी बसली. आमच्यातले पाच जण गावी गेले, दोघांना आईने कित्येक महिने उधारीवर जेवू घातलं. वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. त्या सगळ्या वर्षांत मी आईला भरल्या ताटासमोर, चार माणसांत बसून जेवताना पाहिलेलं आठवत नाही.

२००४ साली ती इथे आली होती, तू तीन वर्षांचा होतास. मी हॉटपॉट केला. भांडं टेबलाच्या मध्यात ठेवलं, नॅनही आली होती. आई उठून ओट्याकडे निघाली. मी म्हटलं, बस. "अगं, वाढायला नको?" नको, प्रत्येक जण आपलं आपण घेतो. "मग गरम काय आणायचं?" काही नाही, सगळं यातच आहे. ती खुर्चीच्या कडेवर बसली. पहिल्या दोन-तीन घासांपर्यंत तिची नजर ओट्याकडे जात होती. मग नॅनने तिच्या ताटात कडेची सगळ्यांत कुरकुरीत चकती ठेवली आणि आवाज न करता ओठांनी काहीतरी म्हणाली. आईला ते इंग्रजी काय कळलं कोण जाणे, पण ती मागे सरकून नीट टेकून बसली आणि आमच्याबरोबर, गरम, शेवटपर्यंत जेवली. घाम आला होता तिला नाकावर.

म्हणून तुला सांगते, रविवारी पाहुणे साडेबारापर्यंत येतील असं बघ, आणि तोपर्यंत भांडं आत गेलेलं असू दे. मग ओटा पुसून बाहेर ये. आजींच्या शेजारी बस, त्यांचे गुडघे कसे आहेत विचार, आत्याच्या मुलीच्या परीक्षेचं ऐक. मधे उठून दार उघडून बघू नकोस, उष्णता जाते. वास सांगेल तुला. आजीही उठतील, कोबी चिरते म्हणतील, पानं घेते म्हणतील. त्यांना बसव.

आणि भांड्याच्या कडेला रस्सा वाळून जो काळा, चिकट, खारट पापुद्रा धरतो, जो तू चमच्याने खरवडून खायचास आणि बाबांना देत नसायचास, तो या वेळी आजींना दे. त्यांना दात कमी आहेत, जिभेवर विरघळेल.

वरचा थर मोडायच्या आधी एक फोटो पाठव.

तुझी,
आई

ता. क. नॅनचं भांडं पोस्टाने पाठवायचा विचार केला होता. पण ते फुटेल. पुढच्या वेळी येशील तेव्हा हातातल्या बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून ने.