मनीला, हत्यारांच्या पार्सलसोबत

कराड
रविवार

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. ‘तुला प्रत्येक गोष्टीत खोडच काढायची असते’ असं तू म्हणालीस, मग रेंज गेली की तू ठेवलास ते कळलं नाही. दादा म्हणाला, जाऊ दे, मोठी झाली ती. मोठी झालीस हे मला मान्य आहे. मोटरसायकलवरून लेहला जाण्याबद्दल मी काही बोलणार नाही आणि हाताबद्दल तर अजिबात नाही. फक्त त्या डब्याबद्दल लिहिते.

तू व्हिडिओवर दाखवलास तो 46 नगांचा गोटी पान्यांचा डबा. दिसायला छान आहे, नटावर टोपीसारखी बसणारी प्रत्येक गोटी तिच्या खाचेत. पण त्यातली सगळ्यात मोठी गोटी 14 मिलिमीटरची आहे, मी लगेच बघितलं. तुझ्या मागच्या चाकाचा नट 14 वर सुटणार आहे का? म्हणजे पंक्चर झालं तर अख्खा डबा उघडून तू त्याच्याकडे बघत बसणार. आणि उरलेले निम्मे नग स्क्रू ड्रायव्हरचे बिट. घरातलं मिक्सर उघडायला बरे आहेत, तेवढ्यासाठी ठेव.

असे डबे आपण दुकानात ठेवायचो, आठवत असेल. गळीत हंगामात ट्रॅक्टरवाले हौसेने न्यायचे आणि पुढच्या बाजाराला परत आणायचे. तक्रार ठरलेली, रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा, सुटतं. जोर लावला की आतला दात सरकतो आणि मूठ जाऊन मडगार्डवर आदळते. आता रॅचेटला 72 दात आहेत असं सांगून विकतात. खरंच 72 असतील तर पाच अंश फिरवायला जागा मिळाली तरी काम होतं, अडचणीच्या जागेत त्याचा उपयोग आहे. पण स्वस्तातल्या लोखंडात बारीक दात आधी झिजतात. तुझ्या व्हिडिओत त्याचा आवाज ऐकला ना, खुळखुळ्यासारखा होता. ते सुटलं तर कुठला हात आदळेल? उजव्याने ओढशील तर डावा आधाराला असेल.

हाताबद्दल लिहायचं नव्हतं.

तर पार्सलमध्ये खाकी कापडाची गुंडाळी आहे. ती बाबांची. मी मागितली नव्हती; तुझं जायचं कळल्यावर त्यांनीच माळ्यावरून काढायला लावली. पाने रॉकेलने पुसले, दोन काढून ठेवले, दोन घातले, परत काढले. तुला फोन करा म्हटलं तर ‘कशाला, तिला कळतं’ एवढंच. कापडाला हळद-कुंकवाचे डाग आहेत ते खंडेनवमीचे, धुऊ नकोस.

आतले रिंग पाने, नटाला सगळीकडून धरणारे, गेडोर कंपनीचे आहेत, बाबा ट्रकवर होते तेव्हाचे. 10-11, 12-13, 14-15, 16-17. त्याच मापांचे फिक्स पाने, उघड्या तोंडाचे, मी दुकानातले घातलेत. वजन कशाला वाढवलं म्हणशील. बोल्ट आणि नट दोन्ही फिरायला लागले की एक धरायला आणि एक फिरवायला, त्याच मापाचे दोन पाने लागतात. फिक्सने धरायचं, रिंगने फिरवायचं. घट्ट बसलेला नट कधीही फिक्सने सोडवायला जायचं नाही. फिक्स दोन बाजूंना टेकतो आणि जोर आला की त्याचं तोंड केसभर उघडतं. तेवढ्यात नटाचे कान, म्हणजे कोपरे, जातात. एकदा कान गेले की त्या उंचीवर तुझ्याकडे ना छिन्नी, ना वेल्डिंगवाला. गोटी घेशील तेव्हा सहा कोनी घे. बारा कोनी पटकन बसते खरी, पण गंजलेल्या नटावर घसरायची शक्यता तिचीच जास्त.

मागच्या चाकाच्या नटाचा पाना मी घातलेला नाही. तुझ्या गाडीचं माप तू स्वतः बघ आणि तो पाना तिकडेच घे, सहा कोनी रिंग आणि लांब दांड्याचा. दांडा दुप्पट लांब असला की जोर निम्मा लागतो. पुरुष गिऱ्हाइकांना हे सांगितलं की हसायचे, आमच्या दंडात दम आहे म्हणायचे. दमाचं काय करायचं? नट दमाने सुटत नाही, लांबीने सुटतो. पाना नेहमी आपल्याकडे ओढायचा. ढकलावाच लागला तर मूठ उघडी ठेवून तळव्याने, म्हणजे निसटला तर बोटांची सालं जात नाहीत. आणि मनगट वाकवून जोर लावायचा नाही. हे मी सगळ्यांनाच सांगते, तुला म्हणून नाही.

विकत घेताना पान्यावर क्रोम व्हॅनेडियम (चांगल्या पोलादाची खूण) लिहिलंय की नाही ते बघतेस ना? बघ, पण त्यावर जाऊ नकोस, ठसा कोणीही मारतो. नावाजलेल्या कंपनीच्या डब्यातसुद्धा नकली माल येतो. आम्हाला वजनावरून आणि ठशाच्या अक्षरांवरून कळतं, तुला कळेलच असं नाही. म्हणून ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलाने घे आणि खिशात एक कोरा बोल्ट घेऊन जा. पाना त्याच्यावर बसवून हलव. खडखडला तर काउंटरवर ठेवून बाहेर ये, कितीही चकाकत असला तरी. चकाकी वरची असते. तोंडाच्या आत बोट फिरव, तिथली घडण खरी. जालंधर-लुधियानाचा माल म्हणून नाक मुरडू नकोस, तिथली हत्यारं जगभर जातात. नाशिकच्या सातपूरचं टपारिया मी आयुष्यभर विकलं आणि परत आलेले नग कमी होते, म्हणून पक्कड आणि स्क्रू पाना (तोंड लहानमोठं होणारा) त्यांचाच घातलाय. स्क्रू पाना फिरवताना जोर न हलणाऱ्या जबड्यावर यायला हवा, उलटा धरलास तर तोच घसरतो.

पुन्हा दुकान मांडून बसले बघ. हे सगळं तुला माहीत आहे. तू शाळेतून आल्यावर दप्तर टाकून चाचांच्या पंक्चरच्या टपरीत बसायचीस. आजी ओरडायची की पोरगी काळी होऊन येते. चाचा तुला आधी फक्त ट्यूब पाण्यात धरायला द्यायचे, बुडबुडे शोधायला. मग एकदा ट्रकचा ड्रायव्हर आला आणि तू त्याला सांगितलंस, ‘काका, पंक्चर नाही, व्हॉल्व्ह गळतोय.’ थुंकी लावून दाखवलंस. फ्रॉक घातलेली, पुढचे दोन दात पडलेले. तो ड्रायव्हर त्यानंतर कित्येक वर्षं दुकानात आला की पहिलं विचारायचा, इंजिनीअर कुठाय. मी वर मान न करता बिल लिहायची, पण ऐकायची.

चाचांचीच एक गोष्ट लिहिते. तुझ्या गाडीला तारेची चाकं, आत ट्यूब. टायरची कड रिमपासून सोडवणं हे सगळ्यात ताकदीचं काम आणि तिथेच मनगट जातं. हाताने करूच नकोस. काढलेलं चाक जमिनीवर आडवं ठेव आणि दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड रिमच्या कडेला टायरवर टेकव, गाडीच्या भाराने कड सुटते. मग साबणाचं पाणी आणि तीन टायर लिव्हर. दोन नकोत, तीन. तिसरा नसला की पहिला हाताने दाबून धरावा लागतो. हवेचा पंप पायाचा घातलाय. दादा म्हणत होता हाताचा लहान मिळतो, बॅगेत मावतो. मी नको म्हटलं.

पण दुसऱ्या गाडीचा स्टँड म्हणजे दुसरी गाडी थांबवावी लागेल. तुझं सगळं येऊन तिथेच अडतं. खंबाटकी घाटात पडलीस तेव्हासुद्धा तू कुणाला हाक मारली नाहीस, एका हाताने गाडी उभी करत बसलीस. डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस, मीही ऐकलं. प्लेट आत राहिली तरी चालते म्हणाले. थंडीत दुखेल हेही म्हणाले होते, ते तू दादाला सांगितलं नाहीस.

वाटेतल्या खिंडी, बारालाचा ला 4,800 मीटरच्या वर, टांगलांग ला 5,300 च्या वर. जूनमध्येही तिथे बर्फ असतो. गाटा लूप्सला 21 वळणं आहेत आणि प्रत्येक वळणाला क्लच दाबायचा तो डाव्या हाताने. मी नकाशा बघत बसले होते रात्री. बघायला नको होता.

क्लचचं मात्र करता येतं. निघण्यापूर्वी केबलमध्ये तेल सोड, बराच हलका होतो. आणि नवी क्लच केबल जुन्या केबलच्या कडेकडेनेच नेऊन टेपने बांधून ठेव. तुटली तर टाकी न काढता फक्त टोकं बदलायची. जुन्या ट्यूबच्या गोल चकत्या कापून घातल्यात, काहीही बांधायला लागतात. एम-सील, बांधायची तार, डोक्याला लावायची बॅटरी, 10 च्या दोन गोट्या (एक हरवतेच). अ‍ॅलन कीचा सेट तिकडेच घे, पण चांगला. हलकी की पिळवटते आणि बोल्टचं तोंड गोल करून ठेवते.

गुंडाळी पाठीवरच्या बॅगेत घालू नकोस. पडलीस तर पाने मणक्यात जातात. गाडीला खाली, घट्ट बांध.

आणि एक काम जाण्याआधी नक्की कर, बाकीचं विसरलीस तरी चालेल. एखाद्या रविवारी पार्किंगमध्ये मागचं चाक काढ, ट्यूब बाहेर काढ, परत घाल. फक्त सोबत नेणार आहेस तेवढीच हत्यारं वापरायची, शेजारच्या गॅरेजमधून काही आणायचं नाही. जे कमी पडेल ते तिथेच कळेल. हात किती चालतो तेही कळेल. नाही चालला तर

तर फोन कर, एवढंच. जाऊ नकोस असं म्हणणार नाही. बाबांनी मला शपथ घातली आहे. त्यांना अभिमान वाटतो तुझा, येईल त्या माणसाला सांगतात की मुलगी मनालीवरून लेहला निघाली. आणि रात्री पाय चेपताना विचारतात, तिथे मोबाइल कुठपर्यंत लागतो गं.

पार्सल एसटीने स्वारगेटला येईल, पावतीचा फोटो दादा पाठवेल. आत डिंकाचे लाडूही आहेत, हत्यारांपासून वेगळे बांधलेत, तरी आधी वास घेऊन बघ.

तुझी
आई

ता. क. मनालीच्या पुढे तांडीला टाकी काठोकाठ भरून घे. ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ अशी पाटी असायची ना तिथे, ती गमतीची नव्हती. आणि आजीला तू गाडीवरून जाणार हे अजून सांगितलेलं नाही, ऑफिसच्या कामाने चाललीस असं सांगितलंय. तिने फोन केला तर तेच सांग. दादाला मी पढवून ठेवलंय, बाबांचा भरवसा नाही.