झिजलेल्या दोन रुपयांचे दोन रुपये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेजारच्या वहिनी परवा स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत शे-दीडशे नाणी, सगळी लखलखीत. रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून सकाळी राखेनं घासलेली. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना जातं, असं कुणीतरी त्यांना मोबाइलवर दाखवलं होतं. विकायच्या आधी ‘आगाऊ कर’ भरायला सांगणारा फोनही येऊन गेला होता. नशीब, माझ्याकडे आधी आल्या. असल्या व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फसवणूक होते, असा इशारा खुद्द बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. तरी या जाहिराती फिरतच आहेत.

पैसे वाचले, पण घासून नाणी वाया गेली. मी वापरून झिजलेली, गुळगुळीत नाणी जमवतो. त्यातलं एक अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं माझ्या कामाचं होतं. कोन पार बोथट झालेले, नकाशातला झेंडा पुसट. त्याच्यावर राखेचे चरे उठले.

मी एसटीत वाहक होतो. १९८६ ते २०१९, बराच काळ कराड-पाटण आणि कराड-चिपळूण. वाहकाला नाणं डोळ्यांआधी बोटांना कळावं लागतं. २०११ साली नवे दोन रुपये आले, ते आकारानं आणि वजनानं बरोबर जुन्या स्टीलच्या रुपयाएवढे: २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. संध्याकाळच्या गाडीत, कुंभार्ली घाटात, आतला दिवा बंद असताना सुट्टे द्यायला बसा म्हणजे कळेल. पदरचे किती गेले याचा हिशेब मी कधी ठेवला नाही.

गुळगुळीत नाण्यांचा नाद तिथेच लागला. ‘हे चालत नाही, बदलून द्या’ असं म्हणत प्रवासी जे नाणं परत करायचा, ते मी माझ्या खिशातल्या नाण्याशी बदलून घ्यायचो. कॅश भरताना हिशेब चोख, फक्त झिजून आंधळं झालेलं नाणं माझ्या घरी. १९९२ ते २००४ चे अकरा कोनी दोन रुपये आणि १९९२ च्या आधीचा गव्हाच्या लोंब्यांचा रुपया, हे दोन्ही तांबं-निकेलचे, म्हणून ते झिजतात छान. स्टील हट्टी असतं. त्याच्यावर ओरखडे पडतात, पण सिंहांचे चेहरे लवकर जात नाहीत. चौकोनी पाच पैसे ॲल्युमिनियमचे, ते झिजायच्या आधी वाकतात.

मी त्यांच्या तीन इयत्ता केल्या होत्या. ‘वाचतं’ म्हणजे साल आणि सिंह दोन्ही दिसतात. ‘चाचपडतं’ म्हणजे उन्हात तिरकं धरल्यावर साल कळतं. ‘आंधळं’ म्हणजे फक्त आकारावरून ओळखायचं. बायको म्हणायची, लोक सोनं जमवतात, तुम्ही चिल्लरीचं श्राद्ध घालताय.

गेल्या वर्षी मुलीकडे न्यू जर्सीला चार महिने होतो. तिथल्या एका नाणेप्रदर्शनात टेबलावर प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत एक झिजलेलं नाणं ठेवलेलं, आणि डबीवर छापील चिठ्ठी. तिकडे पीसीजीएस, एनजीसी अशा संस्था नाणं तपासून १ ते ७० पैकी गुण देतात. ही मोजपट्टी मूळ १९४९ ची, शेल्डन नावाच्या गृहस्थानं तिकडच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी केलेली. ७० म्हणजे निर्दोष कोरं. १ म्हणजे ‘पुअर’: नाणं कोणतं आणि कुठल्या सालचं एवढंच कळतं, बाकी सपाट. आणि काही मंडळी मुद्दाम हा १ शोधत हिंडतात! वर्गात शेवटचा नंबर यावा म्हणून चढाओढ. अलीकडच्या नाण्यांत तर तो फार कठीण, कारण नवीन नाणं लोक जपून ठेवतात किंवा ते चलनात फिरतच नाही. १९७१ ते ७८ चा आयसेनहॉवर डॉलर हा अवजड गडी नेवाडातल्या जुगारघरांबाहेर फारसा फिरला नाही, मग झिजणार कुठून?

मुलीनं मला त्या दिवशी घेऊन दिलं ते सॅकागावियाचं सोनेरी डॉलर नाणं, गुण १५. पाठीवर बाळ घेतलेली, तिकडच्या शोशोनी या आदिवासी जमातीतली बाई, गाल सपाट, सोनेरी रंग जाऊन तपकिरी झालेला. अमेरिकेत कागदी डॉलर चालू राहिल्यामुळे हे नाणं तिकडे कुणी खिशात ठेवत नाही. पण २००० साली इक्वेडोरनं स्वतःचं चलन सोडून डॉलर घेतला आणि तिथल्या बाजारात हीच नाणी हातोहात फिरून झिजली. माझं त्यातलंच एक, असं विकणारा म्हणाला. मला खरं वाटलं. बाजारात फिरलेल्या नाण्याची कड एकसारखी बसते, आणि ती मला ओळखता येते.

एक गोष्ट मात्र मनापासून पटली. कानस लावून कुणी नाणं सपाट केलं, तर तिथे गुण मिळत नाही, चिठ्ठीवर ‘खराब केलेलं’ असा शेरा येतो. काही जण नाणं वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशात खुळखुळवून झिजवतात. ते चालतं म्हणे. मला ती थोडी लबाडीच वाटते.

आपल्याकडे अजून एक अडचण आहे. सालाखाली टांकसाळीची खूण असते: हिरा असेल तर नाणं मुंबईचं, तारा हैदराबादचा, ठिपका नॉयडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. मग आंधळ्या नाण्यावर खूण दिसत नाही ती नव्हतीच म्हणून, की झिजून गेली म्हणून? माझ्याकडे अशी नऊ नाणी आहेत आणि मी त्यांच्यावरून स्वतःशीच भांडत असतो.

बँकेत मात्र असली नाणी घेऊन जाऊ नये. मी एकदा गेलो होतो. काउंटरवरच्या मुलानं नाणं उलटसुलट केलं आणि ‘काका, हे काय आहे?’ असं विचारलं. त्याचंही चूक नाही. २०११ च्या नाणे कायद्यातच म्हटलं आहे, की ठरलेल्या मर्यादेपेक्षा वजन कमी झालेलं नाणं वैध चलन राहत नाही. आमच्या सोनाराच्या काट्यावर माझं सगळ्यात झिजलेलं दोन रुपयांचं नाणं ५.७ ग्रॅम भरलं. कोरं असताना ते ६ ग्रॅमचं असतं. उरलेलं लोकांच्या हातांना लागून गेलं.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती, की असं नाणं घरात सापडलं तर त्याला चिंच, लिंबू, राख काही लावू नका आणि लाखांच्या जाहिरातीला फोन करू नका. अकरा कोनी, आंधळं, न घासलेलं असेल तर मी घेईन. दोन रुपयांचे दोन रुपये देईन, वर चहा.

आपला,
एक निवृत्त वाहक, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)