तिन्ही पेशी घटल्या, तर आधी निदान

महोदय,

हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट एकदम घटल्या, की आपल्याकडे अनेकदा लोहाच्या गोळ्या आणि स्टिरॉइड सुरू होतात. पण कारण अप्लास्टिक ॲनिमिया असू शकते, म्हणजे हाडातला मगज (बोन मॅरो) पुरेशा रक्तपेशी बनवेनासा होतो. त्यात स्टिरॉइडने आजार हटत नाही. बुरशीच्या संसर्गाला मात्र वाट मिळते. आधी बी-१२ तपासावे, तेही इंजेक्शन देण्यापूर्वी. त्याची कमतरता अगदी असेच चित्र उभे करते. ते ठीक असेल तर बोन मॅरोची तपासणी. नुसता द्रव ओढून भागत नाही, कमरेच्या हाडाचा किमान २ सेंमी तुकडा हवा. पीएनएच (लाल पेशी रक्तातच फुटण्याचा आजार) ओळखण्यासाठी फ्लो सायटोमेट्री ही रक्तपेशींची तपासणीही करावी.

मॅरो ओस आणि दर मायक्रोलिटर रक्तात न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५००, प्लेटलेट २०,००० च्या खाली असल्या तर आजार गंभीर. चाळिशीच्या आतल्या रुग्णाला एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळणारे भावंड असेल तर मॅरोचे प्रत्यारोपण लवकर करावे; नाहीतर औषधे: प्रतिकारशक्ती दाबणारे घोड्यापासूनचे एटीजी व सायक्लोस्पोरिन, आणि रक्तपेशी वाढवणारे एल्ट्रोम्बोपॅग. गुण यायला ३ ते ६ महिने लागतात, आणि नातेवाइकांचा धीर सुटतो तो इथेच.

प्रेमापोटी सख्ख्या भावाचे रक्त चढवू नये. उद्याचा दाता तोच असू शकतो; शरीर त्याच्या पेशींविरुद्ध आधीच प्रतिपिंडे तयार करते, मग प्रत्यारोपित मॅरो नाकारला जाण्याचा धोका वाढतो. रक्ताची पिशवी विकिरणित (किरणांची प्रक्रिया केलेली), पांढऱ्या पेशी गाळलेली मागावी.

— एक वाचक