गाडी मी विकणार नाहीये, पण आधी पूर्ण वाचा

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

माझी गाडी रस्त्यात बंद पडल्याचं कळल्यावर फोनवर तुम्ही दोघंही गप्प झालात तेव्हाच मला कळलं की रागावला नाहीयेत, घाबरलाय. म्हणून नीट बसून लिहितेय, कारण फोनवर आई "विकून टाक ती" एवढंच म्हणते आणि फोन बाबांकडे देते, आणि बाबा "बघ बाई तुझं तू" म्हणून विषयच बदलतात. तर आधीच सांगून टाकते, गाडी मी विकणार नाहीये. बिघाड सापडलाय, सेन्सर बदललाय, मी स्वतः बदललाय, आणि आता ती ठणठणीत आहे.

आई, आधी तुझ्यासाठी. गाडी ऑटोबानवर, म्हणजे इथल्या जर्मनीच्या हायवेवर, बंद पडली हे खरंय, पण ताईने सांगितलं तशी मधोमध उभी नव्हती राहिली. इंजिन बंद पडलं तरी गाडीला वेग असतोच, स्टिअरिंग जड होतं पण वळतं, ब्रेकलाही सुरुवातीला एक-दोनदा नेहमीसारखा जोर मिळतो, तेवढ्यात मी कडेच्या पट्टीत आले. चारी इंडिकेटर लावले, पिवळं जॅकेट घातलं, त्रिकोण मागे लांब नेऊन ठेवला आणि कठड्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. इथे जॅकेट आणि त्रिकोण गाडीत ठेवावेच लागतात, नसले तर दंड होतो. अंगात स्वेटर होता, थर्मासमध्ये चहा होता, फोन पूर्ण चार्ज होता. एडीएसीचा, म्हणजे इथल्या गाडीवाल्यांच्या क्लबचा, पिवळ्या गाडीवाला माणूस मदतीला आला तोवर इंजिन गार झालं होतं आणि पहिल्या सेल्फला चालू झालं.

बाबा, तिथेच मला संशय आला. गरम झालं की बंद, गार झालं की चालू. एका गॅरेजवाल्याने काही न तपासताच इंजिनला पेट्रोल पोचवणारा पंप आणि ठिणगीच्या सगळ्या कॉइल बदलायला सांगितल्या, मी नको म्हटलं. सातपूरला मायको कंपनीत सेकंड शिफ्ट करून दमलेले असायचात तरी रविवारी सकाळी चेतकचा प्लग काढून बसायचात, मी टॉर्च धरायचे, आणि तुम्ही दरवेळी म्हणायचात, आधी मोज, मग खोल. टॉर्च हलला की ओरडायचात पण नंतर त्याच स्कूटरवर पुढे उभं करून मायको सर्कलपर्यंत चक्कर मारून आणायचात. मला अजून वाटतं की मी इंजिनिअर झाले ती त्या टॉर्चमुळे.

तर मी मोजलं. आधी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा कोड वाचला, पी०३३५ आला, म्हणजे क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य दांडा) पोझिशन सेन्सरचं सर्किट. पण कोड फक्त सर्किट सांगतो, त्यात सेन्सर असू शकतो, कनेक्टर असू शकतो, नुसती वायरही असू शकते. गाडी तापवली, बंद पडू दिली आणि सेल्फ मारत स्कॅनरवर आरपीएम बघितला, इंजिन फिरतंय पण आकडा शून्य. पंपाचा आवाज येत होता, पेट्रोलचं प्रेशर बरोबर होतं, म्हणजे पंपवाली थिअरी तिथेच गेली. मग कनेक्टर काढून कॉम्प्युटरपर्यंतच्या वायरी एकेक करून तपासल्या, त्याही ठीक. शेवटी सेन्सरचा रेझिस्टन्स घेतला, गार असताना नऊशे ओमच्या आसपास, अगदी हवा तसा, आणि हीट गनने हळूहळू तापवल्यावर मीटर एकदम ओपन. आतली बारीक तार कुठेतरी तुटलेली, गार असताना टोकं टेकतात, तापली की सुटतात. (हा कॉइल आणि मॅग्नेटवाला सेन्सर होता म्हणून ओममीटर चालला. हॉल इफेक्टवाल्याला, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्याला, असा मीटर लावायचा नसतो, माहितीये मला, तुम्ही विचारणारच.)

आई, तू म्हणशील एवढ्याशा वस्तूने गाडी कशी बंद पडते. तुझ्या जपमाळेत मेरुमणी असतो ना, बोटाला तो लागला की कळतं फेरा कुठे संपला, तसंच इंजिनच्या मुख्य दांड्याबरोबर एक दातेरी चक्र फिरतं, साठ दात्यांची जागा पण दोन मुद्दाम गाळलेले, म्हणजे अठ्ठावन्न. सेन्सर दाते मोजत जातो आणि मोकळी जागा आली की इंजिन फेऱ्यात नक्की कुठे आहे ते कॉम्प्युटरला कळतं, त्यावरून ठिणगी कधी टाकायची आणि पेट्रोल कधी सोडायचं ते ठरतं. मोजणीच थांबली तर कॉम्प्युटर दोन्ही बंद करतो. म्हणजे आत काही फुटलं-जळलं नव्हतं, इंजिनला काहीही झालेलं नाही.

बदलायला इथे तासावर लिफ्ट भाड्याने मिळते, तिथे एक अनुभवी मेकॅनिक असतोच, त्यामुळे मी एकटी गाडीखाली होते असं अजिबात समजू नका, आणि जॅकवर नाही, लिफ्टवर. सायलेन्सर गार होऊ दिला, बॅटरीची निगेटिव्ह काढली. आपल्या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आहे त्यामुळे सेन्सरपर्यंत हात खालूनच जातो आणि तोही जेमतेम. एकच बोल्ट, पण उष्णतेने कनेक्टरचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं, त्याची खिट्टी तुटू नये म्हणून बराच वेळ गेला. मॅग्नेटला लोखंडाचा चुरा चिकटतो म्हणून बसायची जागा पुसून घेतली, नव्याच्या रबरी ओ-रिंगला तेलाचं बोट लावलं, हाताने दाबून बसवला, हातोडी नाही, आणि बोल्ट दहा न्यूटन मीटरला आवळला. वायर जुन्या क्लिपांमध्येच परत अडकवली, सायलेन्सरपासून लांब. नंतर कोड पुसला, फॅन चालू होईपर्यंत इंजिन तापवलं, बंद केलं, लगेच सेल्फ मारला, चालू. शनिवारी इथल्या आल्ब डोंगरातल्या घाटात बाड उराख गावापर्यंत जाऊन आले, मुद्दाम मध्ये थांबून थांबून, एकदाही नखरा नाही. आणि बाबा, नव्या सेन्सरच्या खोक्यावर बॉश लिहिलेलं होतं, तुमची मायको ज्यांची होती तेच. मी ते खोकं ठेवून दिलंय.

गाडी का विकणार नाही, तर एक म्हणजे ही मी माझ्या पैशाने घेतलीये आणि हप्ता नाहीये. दुसरं, दर दोन वर्षांनी इथे सक्तीची तपासणी असते, ब्रेक, टायर, धूर सगळं बघतात, गाडी धोकादायक असती तर रस्त्यावर येऊच दिली नसती. तिसरं, मी रोज ती चालवतच नाही, ऑफिसला एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने जाते, गाडी फक्त सुट्टीला. तुम्ही दोघं याल तेव्हा मोठी गाडी भाड्याने घेईन, आईच्या गुडघ्याला उंच सीट लागते ते माझ्या लक्षात आहे. आणि खरं सांगू का, आठवडाभर स्क्रीनसमोर बसल्यावर हात काळे करायला मिळाले की मला घरी असल्यासारखं वाटतं. घरात हीटर चालू असतो, वरणभात रोज करते, झोप होते, काळजी नको.

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी-नंतरचे वाद नकोत. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत संध्याकाळनंतर स्कूटर नाही म्हणजे नाही. गीझर स्वतः उघडू नका, तुम्हाला येतं हे मला माहितीये, पण स्टुलावर चढणं आता बंद. आई, फिजिओवाल्या बाईंना परस्पर सुट्टी देऊ नकोस, आणि मला कुरिअरने चकल्या पाठवायच्या म्हणून रात्री जागू नकोस, इथे मिळतात. (तुझ्यासारख्या नाही मिळत, पण तरी.)

जुना सेन्सर फेकला नाहीये बाबा, येताना घेऊन येते, कापून बघू तार नक्की कुठे तुटलीये. तोवर आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेचा फोटो आजच पाठवा, नीट उजेडात काढून.

तुमची,
चिमी