सहा चुली, एक मीटर

मा. संपादक,
स. न.

कालचा पाणीदरांवरचा अग्रलेख वाचला. वापर वाढेल तसा दर चढवत नेला की विकसनशील देशांतल्या गरिबांना आपोआप न्याय मिळतो, असे आपण छातीठोकपणे लिहिले आहे. त्यातला ‘आपोआप’ हा शब्द तेवढा मागे घ्यावा, एवढ्यासाठीच हे पत्र.

पाण्याला दर लावावा की नाही, हा वाद उकरत नाही. पंपांना वीज लागते, क्लोरीन विकत घ्यावे लागते आणि तोट्यातली यंत्रणा नव्या वस्तीत वाहिनी टाकायला कधीच पोचत नाही. पण आपण माणसे डोळ्यांसमोर धरून दर ठरवता आणि बिल मात्र मीटरचे निघते. सगळी गफलत तिथे आहे.

हिशेबच मांडतो. एक युनिट म्हणजे हजार लिटर. समजा महिन्याला पहिली दहा युनिट 1 या दराने, पुढची दहा 3 ने आणि वीसच्या वरची 6 ने. पाच माणसांचे घर माणशी रोज 50 लिटर वापरते. महिन्याला साडेसात युनिट, बिल साडेसात. आता दाटीच्या वस्तीत अशी सहा बिऱ्हाडे एका मीटरवर असतात. एकूण 45 युनिट. पहिल्या दहाचे 10, पुढच्या दहाचे 30, उरलेल्या पंचवीसचे 150, बेरीज 190. स्वतंत्र मीटर असते तर सहाही घरांचे मिळून 45 झाले असते. तिकडे बंगल्यातले दोघे माणशी 150 लिटर उधळूनही नऊ युनिटांत बसतात आणि सगळे पाणी तळाच्या दराने घेतात. माणशी तिप्पट पाणी, आणि युनिटचा दर सहा बिऱ्हाडांच्या पावपटीहूनही कमी! हाच आपला ‘न्याय’ असेल तर अन्याय कसा दिसतो तेही एकदा छापा.

हे कागदावरचे भूत नव्हे. दक्षिण आफ्रिकेने 2001 पासून घरटी दरमहा 6,000 लिटर मोफत देण्याचे धोरण घेतले, त्याचे आपण कौतुक केले आहे. तो आकडा आठ माणसे, माणशी रोज 25 लिटर, तीस दिवस असा बांधलेला होता. या मर्यादेविरुद्ध जोहान्सबर्गच्या फिरी वस्तीतून जो खटला उभा राहिला, त्यात एका अर्जदाराच्या आवारात वीस माणसे राहत होती. करा भागाकार: माणशी 10 लिटर. उच्च न्यायालयाने 2008 मध्ये माणशी रोज 50 लिटर मान्य केले, अपील न्यायालयाने 42 वर आणले आणि 2009 मध्ये घटनात्मक न्यायालयाने मूळ 6,000 चेच धोरण वाजवी ठरवले. अग्रलेखात हा खटला औषधालाही नाही.

उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. मीटरमागची बिऱ्हाडे मोजायची आणि प्रत्येक टप्प्याला त्या संख्येने गुणायचे. वरच्या उदाहरणात पहिला टप्पा दहाऐवजी साठ युनिटांचा होतो आणि बिल 45 वर येते. गडबड दोन ठिकाणी होते. मालक तीनची सहा बिऱ्हाडे लिहून देतो. म्हणून नोंद विजेच्या मीटरांशी ताडून पाहावी आणि ठरावीक काळाने फिरून तपासावी. दुसरे, बिल उतरले तरी मालक भाडेकरूकडून जुनेच पैसे घेतो. म्हणून बिलाची प्रत दर्शनी भिंतीवर लावण्याची सक्ती हवी. प्रत्येक खोलीला पोटमीटर बसवा, असे सुचवणारेही भेटतात. पोटमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी कधीच जुळत नाही, कारण मधली गळती आणि बारीक धार कोणत्याच पोटमीटरवर चढत नाही. तो फरक कोणी भरायचा, यावरून भांडणे होतात.

बारीक धारेचे निघालेच आहे तर सांगतो. 15 मिमीचा साधा ब वर्गाचा (हे वर्ग अचूकतेचे) घरगुती मीटर तासाला 30 लिटरच्या खाली भरवशाचा राहत नाही. गच्चीवरची टाकी भरत आली की बॉलकॉकमधून त्याहून बारीक धार चालते. ती मीटर नीट मोजत नाही. टाकी कोणाच्या गच्चीवर असते, हे सांगायला नको. बादली मात्र पूर्ण धारेने भरते, थेंब न् थेंब मोजला जातो. शिवाय पाणी ठरावीक वेळीच सुटते तिथे आधी वाहिनीतली हवा बाहेर पडते आणि मीटर तिच्यावरही फिरतो. पिस्टनचा मीटर बारीक धार पकडतो, पण गाळाने अडकतो. आधी गाळणी हवी आणि ती साफ करायला माणूस हवा. दरपत्रक लिहिणाऱ्यांनी एकदा मीटर दुरुस्तीच्या टेबलावर बसून यावे.

आणि ज्यांच्याकडे नळच नाही त्यांचे काय? स्वस्त टप्प्याची सवलत नळातून वाहते, नळ नसलेल्याला ती शिवतही नाही. तो विक्रीच्या नळकोंडाळ्यावरून पाणी घेतो. त्या कोंडाळ्याच्या मीटरला अनेक ठिकाणी घाऊक ग्राहक म्हणून चढा दर लागतो. वर चालवणाऱ्याची मजुरी आणि सांडलेले पाणी. तिथे सरसकट तळाचा दर लावला पाहिजे, टप्पे नकोतच. नळ घ्यायचा तर अनामत, मीटर, पाइप आणि रस्ता खोदाई एकरकमी मागतात, सोबत जागेचा कागद. मुख्य वाहिनीपासून घर जितके आत, तितका खर्च जास्त, आणि सर्वांत आत सर्वांत गरीब. कंबोडियातल्या नॉम पेन्हच्या पाणी प्राधिकरणाने गरीब घरांना जोडणीच्या खर्चात 30 टक्क्यांपासून थेट 100 टक्क्यांपर्यंत सूट दिली. उरलेली रक्कम हप्त्यांनी बिलात घालता येते. त्याच शहरात 1993 मध्ये 72 टक्के पाणी गळती-चोरीत, बिलाच्या हिशेबाबाहेर जात होते, ते पुढे सहा टक्क्यांच्या आसपास आले. सवलतीला पैसा कुठून, या आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे आहे.

कोलंबियाच्या 1994 च्या कायद्याप्रमाणे वस्त्यांचे सहा स्तर पाडून वरच्यांकडून खालच्यांना देण्याची पद्धत ऐकायला छान आहे. पण घेणारे पहिल्या तीन स्तरांत गर्दी करून आणि जादा भरणारे पाचव्या-सहाव्यात मूठभर, मग तूट सरकारने भरायची. चिलीची पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. दर खर्चाइतका, आणि पारखून निवडलेल्या घरांच्या बिलाचा ठरावीक हिस्सा ठरावीक युनिटांपर्यंत सरकार भरते. मात्र तिथे जवळपास सर्व शहरी घरांत नळ होते, हे विसरून तिची नक्कल करू नये.

बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराचे पाणी-आंदोलन आपण एका ओळीत ‘खासगीकरणाचा फटका’ म्हणून उरकले. जानेवारी 2000 मधली दरवाढ हे कारण होतेच; पण लोकांनी स्वतः खोदलेल्या विहिरी आणि वस्तीच्या पाणीयोजनांवरचा हक्कही नव्या कायद्याने जाईल, ही भीती होती. म्हणून ज्यांना कंपनीचे बिल येत नव्हते तेही रस्त्यावर उतरले.

जाता जाता, नळाच्या दरांवर लेख असला की त्यावर भेगाळलेली जमीन आणि डोक्यावर हंडा घेतलेली बाई हे चित्र का असते? विषय दुष्काळाचा नव्हता. त्या जागेत एखादे खरे पाणीबिल, अनामतीपासून स्थिर आकारापर्यंत, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापले असते तर वाचकाला काही कळले असते. आणि दरतक्त्यात ‘प्रति लिटर’ छापले आहे, ते ‘प्रति हजार लिटर’ हवे. दुरुस्ती उद्याच यावी.

आपला,
एक वाचक