कॅज्युअल्टीतल्या अनोळखी हातांचे आभार

रात्रपाळीच्या सिस्टर, वॉर्डबॉय, इंटर्न, तुमची नावं ठाऊक नाहीत, तरी आभार. असंबद्ध बडबडणाऱ्या पेशंटला 'वेडसर' ठरवण्याआधी तुम्ही बोटाला सुई टोचून साखर पाहिलीत, ऑक्सिजन आणि ताप मोजलात. अचानक सुरू झालेला, तासातासाला बदलणारा गोंधळ बहुधा शरीरातूनच येतो. ईसीजी नॉर्मल आल्यावर 'काही नाही, घरी जा' न म्हणता धडधडीमागची भीती विचारलीत. नातेवाइकांना पडद्याबाहेर पाठवून 'जीव द्यावासा वाटतो का?' असंही सरळ विचारलंत. (विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; बोलायला वाट मिळते.) आणि पॅरासिटामॉल जास्त घेतलेला पेशंट पहिल्या दिवशी ठणठणीत दिसू शकतो, यकृत नंतर दगा देतं, म्हणून पिशवीतल्या रिकाम्या स्ट्रिप्स मोजून डॉक्टरांना दाखवणाऱ्या मावशींचे जरा जास्तच आभार.