तुम्ही पाचही वेळा 'जेवलो' म्हणालात

आदरणीय मॅडम,

म्हाताऱ्या माणसांची सेवा शिकवणाऱ्या तुमच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट आलं. खानापूर स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेशन करून घेतलं आणि घरी आल्या आल्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे. दोन ओळी झाल्या की डोळे भरतात आणि वही मिटते. फोनवर तर तुम्ही बोलूच देत नाही. 'तुमचा अभ्यास तुम्ही केलात' म्हणता आणि भाताची लावणी कुठवर आली ते विचारता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते. म्हणजे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी असाच एक कोर्स अर्ध्यात सोडला होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. का सोडला ते मात्र कधी सांगितलं नाही. तिथला वर्ग संध्याकाळी सातचा. आमच्या आत्यांचा (सासूला आम्ही आत्याच म्हणतो) सगळ्यात वाईट वेळ नेमका तोच. तिन्हीसांज झाली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. 'मला घरी सोड' म्हणून स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यावर पिशवी घेऊन उभ्या राहतात. एकदा त्या वर्ग चालू असताना मागं येऊन उभ्या राहिल्या. शिकवणाऱ्यांनी सगळ्यांदेखत मला सांगितलं, 'घरातला गोंधळ आवरून मग बसत जा.' म्हाताऱ्या माणसांची सेवा शिकवणारा वर्ग, आणि त्यात म्हातारं माणूस दिसलं तर तो गोंधळ! दुसऱ्या दिवसापासून मी बसले नाही. फी गेली, त्यापेक्षा माझ्यासारखीला हे जमायचं नाही हे मनात पक्कं बसलं, ते जास्त लागलं.

तुमचा वर्गही सातचाच निघाला. मालक गोव्याला कामाला, मुलगा बेळगावात शिकायला, आत्यांना बघायला दुसरं कोण? त्यात पाऊस. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला धारवाडात बसून कळायचा नाही. लाइट जाते, रेंज जाते, आणि दोन्ही असतात तेव्हा कौलांवरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मी माडीच्या जिन्यावर बसायची, कारण रेंज फक्त तिथंच.

तिसऱ्या की चौथ्या वर्गाला आत्या कंदील घेऊन जिन्याजवळ आल्या. मोबाईलमध्ये तोंड घातलं आणि तुम्हालाच विचारलं, 'जेवलीस काय गे?'

माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं. माइक बंद करायला गेले तर बोट भलतीकडेच पडलं. आता परत तेच ऐकायला मिळणार, असं वाटलं. तुम्ही मध्येच थांबलात. पडद्यावर कसलासा तक्ता होता, तो बाजूला केलात, म्हणजे आत्यांना तुमचा चेहरा मोठा दिसला. आणि म्हणालात, 'जेवलो की, आज्जी. तुमचं झालं काय?'

'अजून न्हाय. भाकरी थापायची हाय.'

'सावकाश थापा.'

आत्या चार पावलं गेल्या, परत आल्या. 'जेवलीस काय गे?' तुम्ही परत, 'जेवलो की, आज्जी.' असं पाच वेळा झालं, मॅडम. मी मोजलंय. पाचव्या वेळचा तुमचा आवाज पहिल्या वेळेसारखाच होता. मी तिसऱ्या वेळेलाच ओरडायची. 'आत्ताच सांगितलं ना!' म्हणायची. त्यांना ते आत्ताचं आठवत नसायचं, फक्त आपल्यावर कुणीतरी ओरडलं एवढं उरायचं, आणि मग रात्रभर त्या भेदरलेल्या असायच्या.

पाचव्यांदा उत्तर मिळालं आणि आत्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. वर्ग संपेपर्यंत तिथंच होत्या. पिशवी काढली नाही, उंबऱ्याकडे गेल्या नाहीत.

तुम्ही त्याचा धडा केला नाहीत, हे मला जास्त मोठं वाटतं. पुढच्या आठवड्यात डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी वाढत जाणारा विसरण्याचा आजार, शिकवताना संध्याकाळी वाढणारी घालमेल आली, तोच तोच प्रश्न विचारणं आलं, चूक दाखवण्यापेक्षा मागची भीती ओळखा हेही आलं. पण आमच्या घरचं उदाहरण तुम्ही घेतलं नाहीत. आत्या तुमच्यासाठी त्या दिवशी पाहुण्या होत्या आणि पाहुण्याच राहिल्या.

शिकले ते सगळं इथं लिहीत बसत नाही. पण दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेल्या पावसाळ्यात आत्या दोन दिवसांत एकदम बदलल्या. दिवसा झोप, रात्री बडबड, मला ओळखेनात. जिथं आधी दाखवलं तिथं नाडी न बघता सांगितलं, 'वय झालंय, आता असंच चालायचं.' वर्षभरापूर्वी मी मान हलवून परत आले असते. पण तुम्ही शिकवलं होतं की डिमेन्शिया हळूहळू येतो. दोन दिवसांत माणूस बदललं तर ते डिलिरियम, म्हणजे अचानक झालेला मेंदूचा गोंधळ, असू शकतं, आणि त्याच्यामागं कारण शोधायचं असतं. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, एखादी नवी गोळी. म्हाताऱ्यांना संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही. मी दुसऱ्या डॉक्टरांना एवढंच सांगितलं की हे मंगळवारपासनं आहे, सोमवारी त्यांनी स्वतः लसूण सोलली होती. त्यांनी लघवी तपासली. संसर्ग निघाला. औषध सुरू झालं आणि आठवड्याभरात आत्यांनी मला नावानं हाक मारली. विसरणं आहे तेवढं राहिलं, पण माणूस परत आलं.

'वय झालंय' हे निदान नव्हे, असं तुम्ही म्हणाला होता. त्या दिवशी रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरांनी 1969 साली अशा वागण्याला 'एजिझम' असं नाव दिल्याचंही सांगितलंत. केवळ म्हातारं आहे म्हणून माणसाला कमी लेखणं. नाव मिळालं आणि मला राग कशाचा येत होता ते कळलं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आत्यांना पूर्वी एके ठिकाणी स्मरणशक्ती तपासायला घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं होतं, तेही कानडीतून. ज्या बाईनं उभ्या जन्मात पेन्सिल धरली नाही, तिच्यापुढं कोरा कागद. त्या रडल्या होत्या. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, पेन्सिलची सवयच नसेल तर त्या कागदावर स्मरणशक्तीपेक्षा शाळा जास्त दिसते. जन्मभर केलेलं काम विचारा, त्यांच्या भाषेत विचारा. मी नाचणीच्या आंबिलीचं विचारलं. पीठ कधी भिजवायचं, ताक कधी घालायचं, सगळं बरोबर सांगितलं. मीठ तेवढं दोनदा घातलं. म्हणजे काय उरलंय आणि काय निसटतंय, दोन्ही मला दिसलं.

तुमच्या घरची भाषा कानडी. आमच्याकडे पाटीवर कुठली अक्षरं वर आणि कुठली खाली, यावर माणसं डोकी फोडून घ्यायला तयार होतात. तुम्ही माझ्या सासूशी बोलायला मराठी बोललात, अडलात, 'याला काय म्हणता?' विचारलंत, शब्द लिहून घेतलात. मला कुणी विचारलं की चांगलं माणूस म्हणजे कसं, तर मी ते अडखळणं सांगेन. पदवी, हुद्दा असलेली माणसं मी पुष्कळ बघितली. समोरच्याच्या भाषेत अडखळायची तयारी असलेली फार थोडी.

आता गावातल्या सहा घरी जाते. अंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावर ताबा, स्वतःच्या हातानं जेवण. म्हाताऱ्या माणसाला रोजचं काय काय स्वतः जमतं ते बघायची कॅट्झची यादी असते, तिच्यातल्या या सहा गोष्टी आधी बघते. मुलं पुण्याला, गोव्याला असलेल्यांच्या दारामागं 14567 हा ज्येष्ठांच्या मदतीचा नंबर खडूनं मोठा लिहून ठेवलाय. आणि कुणी तेच तेच विचारलं तर तुमचा आवाज आठवून उत्तर देते.

वर्ग संपून दोन महिने झाले. सात वाजले की आत्या अजून जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसतात. फोन बंद असतो. तरी विचारतात, 'ती बाई जेवली काय गे?' मी म्हणते, 'जेवली, आत्या.' काल चार वेळा म्हटलं.

तुमची,
खानापूर तालुक्यातली विद्यार्थिनी